विद्यापीठातले आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आणि सोलापूर जिल्ह्यातली पोरं

होटगीरोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जिल्ह्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. एम.ए.चा आंतरराष्ट्रीय संबंध हा पेपर बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून हा धागा.

आंतरराष्ट्रीय परिषद, परदेशी पाहुण्यांचं व्याख्यान, सामंजस्य करारावर सह्या, परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन शिबिर. असे कार्यक्रम आता कॉलेजाकॉलेजांतून होतात. ते व्हायलाच हवेत. पण कार्यक्रम उरकून पोरं एसटी स्टँडकडे निघतात तेव्हा त्यांच्याकडे सहभागाचं प्रमाणपत्र असतं आणि मोबाइलमध्ये दोन फोटो. पुढं काय करायचं, कुठला अर्ज, कुठली तारीख, कुठला दाखला, हे विचारलं तर शंभरातल्या नव्वदांना सांगता येत नाही. आणि ही पोरं हुशार आहेत हो. माझ्यासमोर बसलेली असतात, मला ठाऊक आहे.

यूजीसीने २०२१ मध्ये उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व्यवहारांचं कार्यालय असावं आणि माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवणारा कक्ष असावा, हे त्यात आहे. २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबर अभ्यासक्रम चालवण्याचे नियम आले. तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये काही भाग तिकडे शिकायचा, जास्तीत जास्त ३० टक्के क्रेडिट तिकडचे, पदवी आपल्याच विद्यापीठाची. जॉइंटमध्ये दोघांची मिळून एक पदवी. ड्युअलमध्ये दोघांच्या दोन. भारतीय संस्थेला नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात जागा असेल तर यूजीसीच्या वेगळ्या परवानगीची गरज नाही; समोरची संस्था मात्र जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत हवी. सामंजस्य करार म्हणजे यातलं काहीच नव्हे. तो इराद्याचा कागद आहे. त्याखाली कुणाचे किती क्रेडिट, खर्च कुणाचा, निवड कशी, हे ठरलं नाही तर विद्यार्थ्याच्या आयुष्यात त्याने काडीचाही फरक पडत नाही.

दुसरं म्हणजे विषय. आपल्याकडच्या परिषदांचे विषय आकाशाएवढे असतात. 'जागतिकीकरण आणि भारत' वगैरे. आपल्या दारात काय चाललंय ते बघा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्याची चर्चा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चहाच्या टपरीवर झाली. वर्गात व्हायला हवी होती की नाही? टेरी टॉवेल, डाळिंब, द्राक्षं, सगळ्यांचं गणित कुठल्या तरी करारावर आणि कुठल्या तरी देशाच्या नियमावर अवलंबून आहे. आंतरराष्ट्रीय अभ्यास म्हणून आणखी वेगळं काय शिकवायचं असतं?

आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये कोल्हापूरपासून वेगळं झालं, तेही एकाच जिल्ह्यासाठी. याला लोक मर्यादा म्हणतात, मला ती ताकद वाटते. करमाळा असो की अक्कलकोट, विद्यापीठाच्या केगावहून सकाळी निघालेला माणूस कार्यक्रम करून रात्री घरी येऊ शकतो. पाच-सहा जिल्ह्यांच्या विद्यापीठाला हे जमणार नाही.

माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी मुलाने एक तरी काम पुरं करून उठावं. पासपोर्टचा अर्ज, ट्रान्स्क्रिप्टची मागणी, एसओपीचा (प्रवेशअर्जासोबत स्वतःविषयी लिहायच्या निवेदनाचा) पहिला परिच्छेद, काहीही. पाहुणे दोन तास बोलले तर तिसरा तास या कामाचा. तुम्हाला काय वाटतं? आणि ज्यांनी हे केलंय त्यांनी नुसतं 'शुभेच्छा' न लिहिता नेमकं लिहावं, ही विनंती.

---

टॉवेलवाला

सर, टपरीचं बरोबर लिहिलंत. मी त्या टपरीवर होतो.

आमचा कारखाना लहान आहे. माल थोडा थेट जातो, बाकी मुंबईच्या निर्यातदारामार्फत. खरेदीदाराची मेल येते त्यात जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरचं वजन), रंगाचा पक्केपणा, घातक रसायनं नसल्याचं ओइको-टेक्स सर्टिफिकेट, पॅकिंग सगळं बारीक लिहिलेलं असतं. ती मेल नीट वाचून, समजून, नम्र पण ठाम उत्तर लिहिणारा पोरगा मला गावात मिळत नाही. बीकॉमवाले येतात, टॅली येते, पण ६३०२.६० हा आपल्या टॉवेलचा जगभर चालणारा कोड आहे हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

आता व्यापार करार बघा. यूएईबरोबरचा करार मे २०२२ पासून लागू आहे. स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या गटाबरोबरचा १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ब्रिटनबरोबर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या. आयातशुल्कातली सवलत आपोआप मिळत नाही. माल इथंच तयार झाला याचा दाखला, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, त्या त्या कराराच्या नियमाप्रमाणे काढावा लागतो. हे काम शिकलेल्या पोराला सोलापुरात बसून परदेशाशी व्यवहार करता येईल. ही पण ग्लोबल संधीच आहे की वो! विद्यापीठाने सहा महिन्यांची इंटर्नशिप लावावी, दोन पोरं मी घेतो, विद्यावेतन देतो. इथं लिहून दिलं म्हणून समजा.

---

सांगोला_बीएस्सी

सर, मी बीएस्सी शेवटच्या वर्षाला आहे, वनस्पतिशास्त्र. घरी डाळिंबाची बाग. तेल्या रोगाने बाग जाताना लहानपणापासून बघितली आहे. पानावर आधी तेलकट पारदर्शक ठिपका येतो, मग फळावर काळा डाग पडतो आणि त्या डागातून फळ इंग्रजी एल किंवा वायच्या आकारात तडकतं. पाऊस आणि दमट हवा असली की आठवड्यात अख्खी बाग. मला रोगशास्त्रातच पुढं शिकायचंय. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं जाऊन आलो, तेव्हापासून डोक्यात तेच.

परदेशात शिकायचं म्हटलं की घरचे म्हणतात वीस-पंचवीस लाख कुठून आणणार. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी वाचतो, लिहितो, बोलताना अडतो. आणि कुणीतरी सांगितलं की तीन वर्षांची पदवी बाहेर चालत नाही. खरं आहे का?

---

ऱ्हाइनकाठी

सांगोल्याच्या भावा, मी सोलापुरातूनच बीएस्सी करून जर्मनीत एमएस्सीला आले. सध्या इथंच पीएच.डी. करते. तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण प्रत्येक विद्यापीठाचं पान स्वतः वाच, माझ्या शब्दावर थांबू नकोस.

तीन वर्षांच्या पदवीचं: अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अडतं. युरोपात बॅचलर पदवी बहुतेक तीन वर्षांचीच असते, त्यामुळे जर्मनीत आणि युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस योजनेच्या पुष्कळ अभ्यासक्रमांत आपली तीन वर्षांची पदवी चालते. विषय जुळतोय का हे मात्र काटेकोर बघतात. मॉड्यूल, म्हणजे तू कुठला पेपर किती तास शिकलास, ते. म्हणून विद्यापीठाचा अधिकृत अभ्यासक्रम, शिक्क्यासह, जपून ठेव. मला तो मिळवायला जेवढा वेळ गेला तेवढा प्रवेशाला गेला नाही.

पैशाचं: जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, सत्राला थोडी वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो आहेत. खरा अडसर ब्लॉक्ड अकाउंटचा. वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे, म्हणजे आपले बारा लाखांच्या आसपास. हे पैसे तुझेच असतात, दर महिन्याला ९९२ युरो परत मिळतात, पण आधी उभे करावे लागतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. सगळ्या मार्कशीटची ती पडताळणी असते. व्हिसाआधी ते हवंच, त्यामुळे प्रवेशपत्र आल्यावर सुरुवात करू नकोस, आधीच कर.

ज्यांना बारा लाख उभे करणं शक्य नाही त्यांच्यासाठी शिष्यवृत्तीच हवी. इरास्मस मुंडसमध्ये एक-दोन वर्षांची मास्टर्स, किमान दोन देशांत, फी माफ आणि महिन्याला १४०० युरो. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी अर्ज करू शकतात. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात आणि प्रत्येक अभ्यासक्रमाचा वेगळा. वनस्पतींचं आरोग्य, शाश्वत शेती असे विषय त्यात आहेत. डाड या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या ईपॉस योजनेत शेती, पाणी, नगररचना हे सगळं येतं, पण पदवीनंतर दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. आता डाळिंब केंद्रात किंवा एखाद्या कृषी कंपनीत काम केलंस तर तेच पुढं उपयोगी पडेल.

इंग्रजीचं शेवटी. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी अठरा हजारांच्या आसपास आहे आणि गुण दोनच वर्षं चालतात, म्हणून घाईने देऊ नकोस. रोज एक शोधनिबंधाचा सारांश मोठ्याने वाच आणि पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांग. फोनवर रेकॉर्ड कर. वर्गात बोलायचं ते इंग्रजी असंच येतं, क्लासच्या पाठ उत्तरांनी नाही.

आणि एक सांगू? तू वर तेल्याचं जे चार ओळीत लिहिलंस, तेवढंच इंग्रजीत लिहिलंस तर तुझ्या एसओपीची सुरुवात झाली. 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे' हे निवड समितीने हजारदा वाचलेलं असतं. फळ तडकताना बघितलेला माणूस त्यांना रोज भेटत नाही.

---

पूर्वभाग

काय भारी लिहिलंय ताई.

मी वेगळ्या बाजूने लिहितो. आमच्या गल्लीत पोरगं दहा वर्षांचं होईतो तेलुगू, मराठी, हिंदी बोलतं, शेजारी कन्नड आणि उर्दू ऐकतं. पुण्या-मुंबईच्या पोरांकडे हे नाही. आपण याचा काहीच उपयोग करत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. प्रतिनिधीला आपल्या भाषेतही बोलता येतं, फक्त दुभाष्याची सोय त्याच्या देशाने करायची. मग आपल्याकडे मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची नक्कल सभा, घेताना सगळं इंग्रजीतच कशाला? चार पोरं तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठीत बोलू द्या आणि चार पोरं शेजारी बसून लगोलग अनुवाद करू द्या. बोलणारा पण शिकेल, दुभाष्या पण. मंगळवेढ्याची जी पोरगी इंग्रजीच्या भीतीने मागच्या बाकावर बसते ती पहिल्या दिवशी हात वर करेल.

विषय पाण्याचा घ्या. सिंधू करार १९६०, मेकाँग नदी आयोग १९९५, नाईल. उजनीच्या पाळीसाठी भांडणारं घर ज्याचं आहे त्याला वरचा आणि खालचा पाणीवाटेकरी समजावून सांगावा लागत नाही. ठराव मांडताना तो सीमेपलीकडच्या शेतकऱ्याचाही विचार करायला शिकेल.

अजून एक. अमेरिकन विद्यापीठांत भारतीय भाषा शिकवायला तरुण शिक्षक बोलावतात, फुलब्राइटची एफएलटीए योजना. नऊ महिने. हिंदी, उर्दू, तेलुगू त्यात असतात. यंदा कुठल्या आहेत ते जाहिरातीत बघायचं. वय २१ ते २९. सोलापुरात बी.एड. झालेल्या, उर्दू-तेलुगू शाळेत शिकवणाऱ्या किती मुली आहेत! त्यांना हे कुणी सांगितलंय का? इंग्रजी शाळेच्या नोटीस बोर्डावर असलं काही लावतील, उर्दू शाळेत नाही.

---

दमाणीनगर

तुम्हा सगळ्यांचं वाचून फार बरं वाटलं. मी निवृत्त शिक्षक आहे.

जगाशी सोलापूरचं नातं सांगायचं तर भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकाजवळून आपण रोज जातो. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. मुंबईत डॉक्टर झाले. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात अटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी यांच्याबरोबर हे. घरच्यांना वाटत होतं वर्षभरात परत येईल. ते थांबले. चिनी भाषा शिकले, इतकी की चिनी विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला गेले. वय ३२.

मुलांना मी कायम यातला भाषेचा भाग सांगत आलो. शौर्य तर होतंच. पण परक्या मुलखात जाऊन तिथल्या माणसाच्या भाषेत त्याला शिकवणं, याला वेगळी तयारी लागते. परदेशी शिक्षणाच्या शिबिरात फक्त पगाराचे आकडे सांगतात, तेव्हा मला यांची आठवण होते. आपण तिकडून काय आणणार हे जसं सांगता तसं तिकडे काय देणार हेही मुलांना विचारा.

आणि अगदी अलीकडचं. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ. दहा लाख डॉलर, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. जिल्हा परिषदेची शाळा आणि जग यांच्यात फार अंतर नाही, एवढं तरी यावरून मुलांना पटवता येतं.

---

मंगळवेढेकर

पैशाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. समाजकल्याणच्या योजनांचे अर्ज भरायला पोरांना मदत करतो, त्यामुळे माहिती आहे. बऱ्याच घरांत अजून 'परदेश म्हणजे कर्ज' एवढंच माहीत आहे.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. दरवर्षी ७५ जागा, पदव्युत्तरला वय ३५ पर्यंत, पीएच.डी.ला ४० पर्यंत. जागतिक क्रमवारीतल्या विद्यापीठात प्रवेश हवा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती वेगळी, १२५ जागा, त्यात ११५ अनुसूचित जातींसाठी, बाकी भटक्या-विमुक्त आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी. उत्पन्न मर्यादा ८ लाख, पदवीला ६० टक्के. कारागीर हा शब्द नीट वाचा लोकहो, आपलं गाव कसलं आहे ते आठवून. त्या योजनेत भारतीय संस्कृती, इतिहास, भारताविषयीचा समाजशास्त्रीय अभ्यास हे विषय आता चालत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी बहुजन कल्याण विभागाची योजना आहे. आदिवासी विभागाची आहे. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीमार्फत आहे. खुल्या प्रवर्गाला तंत्रशिक्षण संचालनालयाची आहे. जागा, रँकिंग, उत्पन्न या अटी शासन निर्णयागणिक बदलतात, म्हणून मागच्या वर्षीची जाहिरात बघून बसू नका.

आता कुठं घोडं अडतं ते सांगतो. पोरगं प्रवेश मिळवतं. मग जाहिरात येते, मुदत महिनाभर. त्या महिन्यात उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, जात वैधता, आयकराची कागदपत्रं, दोन जामीनदार, सगळं काढायला धावतं. जात वैधतेला वेळ लागतो, तहसीलला सर्व्हर बंद असतो. एक मुलगी आमच्या तालुक्यातली, इंग्लंडच्या चांगल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात, आणि वैधता प्रमाणपत्र मुदतीनंतर आलं. बाकी सगळं तयार होतं. त्या घरात मी गेलो होतो. तिच्या वडिलांना काय सांगायचं ते सुचेना.

म्हणून होटगीरोड सर म्हणतात तो तिसरा तास हवाच, आणि तो शेवटच्या वर्षी नको. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की जात वैधता आणि पासपोर्ट ही दोन कामं करून टाका. पासपोर्टला पुण्याला जायची गरज उरलेली नाही, सोलापुरात सोय आहे. साधी फी १५०० रुपये. बाहेर जा न जा, वाया जात नाही.

---

जुळेसोलापूर_आई

माझी मुलगी बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. ती मला हा धागा वाचून दाखवत होती. तिला पाठवायला माझी ना नाही. पण शहरातला एक एजंट घरी येऊन गेला, म्हणाला अमुक देशात अमुक कॉलेज, सीट पक्की, आज दोन लाख भरा. कॉलेजचं नाव नेटवर शोधलं तर नीट काही मिळेना. आम्हाला यातलं कळत नाही. खरं-खोटं ओळखायचं कसं?

---

ऱ्हाइनकाठी

मावशी, पैसे भरू नका. खरा मार्गदर्शक आधी मुलीला काय शिकायचंय ते विचारतो. 'आज भरा' म्हणणाऱ्याला त्याच्या कमिशनची घाई असते. बऱ्याच एजंटांना प्रवेशामागे तिकडच्या संस्थेकडून पैसे मिळतात, त्यामुळे ते ठरावीक संस्थांचीच नावं सांगतात आणि जिथं फी नाही त्या विद्यापीठांची सांगत नाहीत. त्या देशाच्या सरकारी यादीत ती संस्था मान्यताप्राप्त आहे का हे पहिलं बघा. जर्मनीसाठी डाडचं संकेतस्थळ आहे. अमेरिकेसाठी एज्युकेशनयूएसएचं मार्गदर्शन मोफत मिळतं. जपानची मेक्स्ट शिष्यवृत्ती घ्या: फी माफ, विमानाचं तिकीट, महिन्याचा भत्ता आणि अर्जाला एक रुपयाही लागत नाही. दुसऱ्या वर्षाला आहे म्हणजे अजून भरपूर वेळ आहे. मुलीला इथं लिहायला सांगा, आम्ही आहोत.

---

रसायनसंकुल

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

धागा सगळा बाहेर जाण्यावर चाललाय. शंभरातली चार पोरं जातील. उरलेल्या शहाण्णवांचं काय? विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय असणं त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे. केंद्राचा 'ज्ञान' (GIAN) नावाचा उपक्रम २०१५ पासून आहे. परदेशी प्राध्यापक भारतात येऊन आठवडा-दोन आठवड्यांचा क्रेडिटचा अभ्यासक्रम शिकवतात. एक चांगला माणूस दहा दिवस संकुलात राहिला, प्रयोगशाळेत पोरांबरोबर उभा राहिला, तर एका दिवसाच्या परिषदेपेक्षा कैक पटींनी फायदा. त्याला बीजभाषणाच्या खुर्चीवर बसवून हार घालून परत पाठवण्यात काय अर्थ आहे?

दुसरा मार्ग ऑनलाइन जोडवर्गाचा. इथला एक वर्ग, तिथला एक वर्ग, सहा आठवडे एकच प्रकल्प. विमानभाडं नाही, व्हिसा नाही. विषय होटगीरोड सरांनी दिलेच आहेत. युरोपच्या दुकानात डाळिंब पोचतं तेव्हा त्यात कीटकनाशकाचा अंश किती चालतो, ती मर्यादा कोण ठरवतं, आपल्याकडे अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या अनारनेटवर बागेची नोंद कशी होते, यावर आमच्या पोरांनी प्रयोगशाळेतून लिहायचं आणि तिकडच्यांनी बाजारातून. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला घालण्याजोगा प्रकल्प होईल.

आणि 'आंतरराष्ट्रीय' परिषदेच्या नावाखाली दोन-तीन हजार घेऊन शोधनिबंध छापून देणाऱ्यांपासून पोरांना वाचवा. असल्या निबंधाने कुठली निवड समिती भुलत नाही, उलट शंका घेते.

---

होटगीरोड (धागाकर्ता)

रसायनसंकुल, विरोध कसला, तुम्ही माझीच बाजू पक्की केलीत. फक्त एक: ती चार पोरं आणि ही शहाण्णव वेगळी करू नका. सांगोल्याचा मुलगा जाईल की नाही माहीत नाही, पण त्याने अर्जासाठी लिहिलेलं ते पान बघून त्याच्या वर्गातली दहा पोरं आपापल्या बागेकडे नव्याने बघतील. त्यातला एखादा टॉवेलवाल्या भाऊंकडे जाईल, एखादा डाळिंब केंद्रात.

सगळ्यांचं वाचून वर्षाचा क्रम असा डोक्यात येतोय. जून-जुलैत प्रवेश झाल्याझाल्या पासपोर्ट आणि जात वैधता, मंगळवेढेकरांच्या मदतीने. ऑगस्टमध्ये माजी विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन गप्पा, मराठीत, प्रश्न विचारायला संकोच वाटू नये म्हणून. सप्टेंबर पूर्ण एसओपी आणि शिफारसपत्रांना. शिफारसपत्राबद्दल माझ्या प्राध्यापक बंधू-भगिनींना हात जोडून सांगणं आहे: विद्यार्थ्याकडून मसुदा मागवून नुसती सही करू नका. त्याने कुठला प्रश्न विचारला, कुठला प्रयोग फसल्यावर परत केला, ते स्वतः लिहा. २४ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्र दिन येतो, त्या आठवड्यात पूर्वभाग म्हणतात तशी बहुभाषी सभा, विषय नदीचं पाणी. तिथून जानेवारीपर्यंत अर्ज. गड्ड्याची यात्रा येईतो बहुतेक अर्ज गेलेले असतील.

अनुभव लागणाऱ्या योजना वेगळ्या सांगायला हव्यात, नाहीतर पोरं उगाच निराश होतात. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा, शिवाय तीन वर्षांची पदवी असेल तर वर पदव्युत्तर शिक्षण पूर्ण हवं. म्हणजे यांची जाहिरात बी.ए.च्या वर्गात वाचून उपयोग नाही, ती नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांना पाठवायची. माजी विद्यार्थी कक्ष स्नेहसंमेलनापुरता ठेवला की हेच राहून जातं.

दमाणीनगर सर, १० ऑक्टोबरला तुम्ही आमच्या कॉलेजात याल का? भाषण नको. कोटणीसांनी भाषा कशी शिकली असेल, यावर मुलांशी बोला. चिनी किंवा जर्मनचा प्रास्ताविक वर्ग त्याच दिवशी सुरू करता येतो का बघतो.

---

दमाणीनगर

येतो. नक्की येतो. गाडी पाठवू नका, रिक्षाने येईन.

---

सांगोला_बीएस्सी

ताई, काल रात्री एसओपीचा पहिला परिच्छेद लिहिला. मराठीत आधी, मग इंग्रजीत. तुम्हाला व्यक्तिगत संदेशात पाठवलाय. लाल रेघा मारा, वाईट वाटून घेणार नाही.

एक अडचण. ट्रान्स्क्रिप्ट आणि मार्कशीट एकच का? आमच्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले मार्कशीट दिलीय ना, अजून काय.

---

ऱ्हाइनकाठी

वाचला. तिसरं वाक्य सोडून सगळं ठेव, रात्री सविस्तर लिहिते.

ट्रान्स्क्रिप्ट वेगळं. सगळ्या सत्रांचे विषय, क्रेडिट, गुण आणि गुणांकनाची पद्धत एकाच कागदावर, विद्यापीठाच्या सहीशिक्क्याने. मार्कशीट प्रत्येक सत्राची सुटी असते. कॉलेजच्या ऑफिसात नको विचारू, ते विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं काम. अर्ज, फी आणि सगळ्या मार्कशीटच्या प्रती घेऊन जा. तीन-चार प्रती माग, त्यातल्या दोन बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारून. काही विद्यापीठं उघडलेलं पाकीट घेत नाहीत. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं पत्रही त्याच फेरीत माग. काही ठिकाणी आयईएलटीएसऐवजी तेवढ्यावर भागतं.

---

मंगळवेढेकर

सांगोलेकर, सोमवारी मी दोन पोरांची ट्रान्स्क्रिप्ट काढायला केगावला जाणार आहे. साडेदहाला परीक्षा विभागाच्या दारात ये. सहाव्या सत्राचा निकाल नसला तरी पाच सत्रांचं मिळतं का ते तिथंच विचारू. आणि वडिलांचा उत्पन्नाचा दाखला कधीचा आहे ते बघून ठेव, मार्चनंतरचा नवा लागेल.

---

जुळेसोलापूर_आई

सोमवारी माझी मुलगी पण आली तर चालेल का? तिला नुसतं बघायचंय कसं करतात ते.

---

मंगळवेढेकर

चालेल की ताई. तिची दुसऱ्या वर्षापर्यंतची मार्कशीटं आणि आधार घेऊन पाठवा, पासपोर्टचा अर्ज तिथंच बसून भरून टाकू.